विजेची उपमाने

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत तुये येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत मराठीच्या अधिव्याख्यात्याला पाचारण केले की तो संतवाङ्मयावर किंवा गोमंतकीय काव्यावर बोलणार, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. आजचा माझा विषय मात्र माध्यमिक शाळेतील मुलांना वीज कशी समजावून सांगावी हा आहे. भौतिकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही या विषयाला हात घालण्याचे धाडस मी करतो, ते एका कारणासाठी. वीज डोळ्यांना दिसत नाही. दिव्याचा उजेड दिसतो, पंख्याची पाती फिरताना दिसतात, इस्त्रीची ऊब हाताला लागते. पण तारेतून काय चालले आहे ते कोणी पाहिलेले नाही. जे दिसत नाही ते सांगायचे तर दिसणाऱ्या कशाच्या तरी आधाराने सांगावे लागते. साहित्यशास्त्रात या आधाराला उपमान म्हणतात. विज्ञानशिक्षणाचे अभ्यासक ज्याला प्रतिमान म्हणतात, ते याच उपमानाचे भावंड आहे. दोन्ही शब्द 'मा' म्हणजे मोजणे या एकाच धातूपासून आलेले आहेत. अज्ञाताला ज्ञाताशेजारी ठेवून मोजणे हे काम कवी करतो तसेच शास्त्रज्ञही करतो.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना मराठीच्या तासाला आपण अलंकार शिकवतो. उपमेचे चार घटक त्यांना पाठ असतात : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. 'मुख चंद्रासारखे आहे' या वाक्यात साधारण धर्म आल्हादकता हा असतो; चंद्रावरचे डाग मुखावर असावेत असे कोणी मानत नाही. पुढच्या तासाला तीच मुले विज्ञानाच्या वर्गात बसतात आणि 'वीज पाण्यासारखी वाहते' हे वाक्य ऐकतात. येथे साधारण धर्म कोणता, तो कोठपर्यंत पोचतो आणि कोठे संपतो, हे त्यांना कोणी विचारत नाही. उपमा ऐकता ऐकता तिचे रूपक होते. 'सारखी' हा शब्द गळून पडतो आणि वीज हे एक प्रकारचे पाणीच आहे, असे मनात पक्के बसते. आज मला जे सांगायचे आहे त्याचे सार एवढेच की, प्रतिमान हे उपमा म्हणूनच शिकवले पाहिजे. त्याचे साम्य जितक्या आस्थेने सांगायचे तितक्याच आस्थेने त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे.

उपमेवाचून विजेचे शास्त्र उभेच राहिले नसते, हे प्रथम लक्षात घेऊ. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकाच्या मध्यावर असे मानले की, वीज हा एकच द्रव असून ज्या वस्तूत तो अधिक ती धन आणि ज्या वस्तूत तो उणा ती ऋण. हे शब्द आपण आजही वापरतो. मराठीत तर त्यांचा अर्थ अधिकच उघड आहे, कारण धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज. एकाच्या खाती जे जमा झाले ते दुसऱ्याच्या खाती नावे पडलेच पाहिजे. एकूण बेरीज बदलत नाही. विद्युतप्रभार निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हा भौतिकशास्त्रातील मोठा नियम आपल्या वाणसामानाच्या दुकानातील खातेवहीच्या उपमेत असा सामावलेला आहे. जर्मनीत जॉर्ज ओहमने १८२७ साली आपला नियम मांडला तो उष्णतेच्या वहनाची उपमा धरून. त्याच्यापुढे फूरियरचा १८२२ सालचा उष्णतेवरील ग्रंथ होता. मॅक्सवेलने १८६१-६२ मधील आपल्या निबंधांत अवकाशात फिरणारे भोवरे आणि त्यांच्यामध्ये घरंगळणारे बारीक गोलक कल्पिले, त्यांच्या साहाय्याने समीकरणांपर्यंत तो पोचला आणि पुढे १८६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ती सारी यंत्रणा त्याने बाजूस सारली. घर बांधून झाल्यावर परांची उतरवावी, तसे हे झाले. उपमेचा उपयोग कसा करावा आणि तिला निरोप केव्हा द्यावा, याचा हा उत्तम वस्तुपाठ होय.

फ्रँकलिनच्या उपमेची एक गंमत मुलांना अवश्य सांगावी. कोणत्या बाजूला धन म्हणायचे आणि कोणत्या बाजूला ऋण, हे त्याने अंदाजाने ठरवले. इंग्लंडमध्ये जे. जे. टॉमसनने १८९७ साली इलेक्ट्रॉनचा शोध लावला तेव्हा ध्यानात आले की, तारेतून जे कण सरकतात ते ऋण आहेत. म्हणजे आपण आकृतीत विद्युतधारेचा बाण ज्या दिशेने काढतो तिच्या उलट दिशेने प्रत्यक्ष कण जातात. बाण मात्र आजही जुन्याच दिशेने काढला जातो. एकदा रूढ झालेली उपमा पुसणे किती अवघड असते, हे यावरून दिसेल.

शब्दांचा विषय निघाला आहे तर आणखी थोडे सांगतो. मराठीतील 'वीज' संस्कृतातील 'विद्युत्'पासून प्राकृतातील 'विज्जु'च्या मार्गाने आली. तिचे मूळ चकाकण्यात आहे, म्हणजे आकाशातील लखलखाटात. इंग्रजीतील 'इलेक्ट्रिसिटी'चे मूळ अंबर या पदार्थाच्या ग्रीक नावात आहे. विल्यम गिल्बर्टने १६०० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात ते प्रचारात आणले. अंबर घासला की तो गवताच्या काड्या ओढतो. संस्कृतात त्याला 'तृणमणि' असे नाव आहे आणि फारसीत 'कहरुबा', म्हणजे काडी हिरावून नेणारा. एका भाषेने विजेला आकाशात पाहिले, दुसरीने तिला कापडावर घासलेल्या खड्यात पाहिले. दोन्ही ठिकाणी एकच शक्ती आहे, ही जाणीव पुष्कळ उशिरा आली.

आता आपल्या मुलांकडे वळू. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांतील अनेक मुले प्राथमिक शिक्षण मराठीतून घेतात आणि पुढे इंग्रजी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत जातात. दहावीच्या विज्ञानात 'करंट', 'सर्किट', 'पोटेन्शियल डिफरन्स', 'रेझिस्टन्स' हे शब्द त्यांच्यापुढे येतात. इंग्रजी ज्याची घरची भाषा आहे त्याला 'करंट' या शब्दात नदीचा ओघ ऐकू येतो, 'सर्किट'मध्ये फेरी ऐकू येते. आपल्या मुलाला त्यात काहीही ऐकू येत नाही. त्याच्या दृष्टीने 'करंट' म्हणजे हाताला बसणारा झटका. तो सूत्र पाठ करतो, आकडे घालतो, गुणही मिळवतो. पण त्या सूत्रामागील चित्र त्याच्या मनात उमटलेले नसते. अशा वेळी शिक्षकाने फळ्यावर 'सर्किट'च्या शेजारी 'परिपथ' हा शब्द लिहावा. 'परि' म्हणजे सभोवार, 'पथ' म्हणजे वाट. फिरून मूळ जागी येणारी वाट. इंग्रजी शब्दाला विरोध करण्याचा माझा हेतू नाही. मुलाला परीक्षा ज्या भाषेत द्यायची आहे त्या भाषेतील शब्द त्याला यायलाच हवेत. परंतु 'धारा', 'रोध', 'परिपथ' हे शब्द त्या इंग्रजी शब्दांच्या आत शिरण्याच्या खिडक्या आहेत, आणि त्या उघडण्यास अर्धे मिनिट पुरते.

मूल वर्गात येते ते कोऱ्या पाटीने येत नाही. न्यूझीलंडमधील रॉजर ऑझबर्न आणि त्यांच्यासारख्या इतर अभ्यासकांनी १९८० च्या दशकात मुलांच्या मनातील विजेची चित्रे बारकाईने तपासली. त्यांत तीन चित्रे वारंवार आढळली. पहिले, सेलपासून दिव्यापर्यंत एक तार पुरते. दुसरी तार उगीचच असते. दुसरे, सेलच्या दोन्ही टोकांकडून दोन धारा निघतात आणि दिव्यात त्यांची टक्कर होऊन उजेड पडतो. तिसरे, धारा एका बाजूने निघते, दिवा तिच्यातील काही भाग खाऊन टाकतो आणि उरलेली धारा परत जाते. ही चित्रे केवळ मुलांपुरती मर्यादित नाहीत. १९९७ साली अमेरिकेत निघालेल्या एका माहितीपटात, एमआयटी या विख्यात संस्थेच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी नव्या पदवीधरांच्या हाती एक सेल, एक दिवा आणि एक तार दिलेली दाखवली आहे. दिवा पेटवून दाखवणे त्यांतील अनेकांना जमले नाही.

तिसऱ्या चित्राला आपली रोजची भाषाही खतपाणी घालते. 'हा फ्रीज फार वीज खातो', 'लाईट जळत ठेवू नको', 'या महिन्यात वीज जास्त वापरली गेली' असे आपण म्हणतो आणि त्यात व्यवहाराच्या दृष्टीने गैर काही नाही. अडचण अशी की, 'वीज' हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो : विद्युतप्रभारासाठी, त्याच्या वाहण्यासाठी आणि त्या वाहण्याबरोबर पोचवल्या जाणाऱ्या ऊर्जेसाठी. खाल्ली जाते ती ऊर्जा; खरे म्हणजे तिचे उजेडात, उष्णतेत, गतीत रूपांतर होते. धारा खाल्ली जात नाही. जितकी दिव्यात शिरते तितकीच बाहेर पडते. वीज खात्याचे बिल ज्या युनिटमध्ये येते ते ऊर्जेचे माप आहे : एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. भाषेच्या शिक्षकाने विज्ञानाच्या शिक्षकाला करावयाची पहिली मदत हीच, की एका शब्दाचे हे तीन अर्थ वेगळे करून द्यावेत.

हे वेगळेपण हाताने दाखवताही येते. दोन सेल, सारखे दोन छोटे दिवे आणि थोडी तार एवढेच साहित्य घ्यावे. दोन्ही दिवे एकामागून एक, एकाच वाटेवर जोडावेत आणि कळ दाबण्यापूर्वी वर्गाला विचारावे : कोणता दिवा अधिक उजळेल? पुष्कळ हात पहिल्या दिव्यासाठी वर जातात, कारण पहिला दिवा 'आधी खाणार' असे त्यांना वाटते. कळ दाबली की दोन्ही दिवे सारखेच उजळतात. एकटा असताना दिवा जेवढा उजळतो त्याहून मात्र मंद. या क्षणी मनातील जुने चित्र डळमळते आणि नवे चित्र देण्याची वेळ येते.

ते चित्र कोठून आणायचे? इंग्लंडमधील शालेय पुस्तके पाण्याची उपमा देताना घर उबदार ठेवणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्यांचे उदाहरण घेतात. तेथील मुलाच्या घरात त्या नळ्या असतात. पाणी फिरून पुन्हा तापवण्याच्या जागी येते, हे त्याला ठाऊक असते. तुयेच्या मुलाला या उदाहरणाचा काय उपयोग? आपल्याकडे त्याहून चांगले उदाहरण परसातच आहे. विहिरीवर पंप असतो, गच्चीवर टाकी असते. पंप पाणी उचलून टाकीत चढवतो. आता अशी कल्पना करा की, टाकीतून उतरणारा नळ पुन्हा त्याच विहिरीत सोडला आहे. पंप म्हणजे सेल. टाकीची उंची म्हणजे विभवांतर. उंची जितकी अधिक तितका नळाला जोर अधिक. नळाचे अरुंदपण म्हणजे रोध. नळातून दर मिनिटाला किती पाणी जाते ती धारा. विहिरीतील पाणी कमी होत नाही, टाकीतील पाणी कमी होत नाही. पंपाला मात्र सतत राबावे लागते. टाकी भरलेली ठेवून दुसरा नळ सोडला तर एकूण पाणी अधिक वाहते आणि पंपावरचा भार वाढतो. सेल ठराविक धारा देत नाही, तो ठराविक जोर देतो, ही कठीण गोष्ट या उपमेने सहज उलगडते. दोन टाक्या एकीवर एक ठेवल्या तर जोर वाढतो. शेजारी शेजारी ठेवल्या तर जोर तोच राहतो, पाण्याचा साठा तेवढा वाढतो. सेलांच्या जोडणीचे दोन प्रकार येथेच समजून जातात.

मात्र ही उपमा येथेच सोडून वर्गाबाहेर पडणे धोक्याचे आहे. नळ कापला तर पाणी सांडते. तार कापली तर काहीही सांडत नाही, सारे जागच्या जागी थांबते. हा भेद परीक्षेपुरता नाही. पावसाळ्यात वादळवाऱ्याने माड कोसळतो आणि वीजवाहिनी तुटून शेतात पडते. ठिणगी नाही, आवाज नाही, काही गळताना दिसत नाही. पाण्याच्या उपमेवरच वाढलेले मन सांगते की, यातून काही वाहत नाही म्हणजे ही 'कोरडी' आहे. वस्तुतः तिच्यात जोर तसाच उभा असतो आणि तो वाटेची वाट पाहत असतो. ओल्या पायांचा, ओल्या हातांचा माणूस ती वाट पुरवतो, कारण ओल्या त्वचेचा रोध कोरडीपेक्षा पुष्कळ कमी असतो. तारेला स्पर्श न करताही, आसपासची ओली जमीन स्वतः धारा वाहत असल्याने, जवळ जाणे घातक ठरू शकते. दूर राहावे, इतरांना दूर ठेवावे आणि वीज खात्याला कळवावे, हा धडा प्रत्येक मुलाला माहीत असावा. तो नुसता आज्ञा म्हणून सांगितला तर घाईत विसरला जातो. 'येथे पाण्याची उपमा संपते' असे कारणासह सांगितला तर तो मनात टिकण्याचा संभव अधिक. उपमेची मर्यादा शिकवणे ही चैन नव्हे, असे मी म्हणतो ते याचसाठी.

एक उपमान अपुरे पडले की दुसरे शोधावे. अमेरिकेतील डेड्रे जेंटनर आणि डोनाल्ड जेंटनर या अभ्यासकांनी १९८३ साली दाखवून दिले की, विजेला वाहते पाणी समजून विचार करणाऱ्यांना बॅटऱ्यांच्या जोडणीचे प्रश्न सोपे जातात, तर विजेला चालती गर्दी समजून विचार करणाऱ्यांना रोधांच्या जोडणीचे प्रश्न सोपे जातात. उपमान बदलले की विचार बदलतो, हे आपल्या अलंकारशास्त्राला नवे नाही. पण येथे ते प्रश्नोत्तरांच्या कसोटीवर घासून पाहिले गेले.

गर्दीचे उपमान आपल्याला परक्या मुलखातून आणावे लागत नाही. पेडण्याची पुनव कोणी पाहिली नाही? कोजागिरीला लोटणारा तो जनसमुदाय एका अरुंद दारातून जात आहे असे समजा. दारापुढे दुसरे अरुंद दार आले तर चाल आणखी मंदावते. हे झाले एकापुढे एक जोडलेले रोध. पण पहिल्या दाराच्या शेजारी तितकेच अरुंद दुसरे दार उघडले तर? दार अरुंद असूनही अडथळा वाढत नाही, कमी होतो, कारण त्याच वेळात दुप्पट माणसे पार होतात. दहा ओहमचे दोन रोध शेजारी शेजारी जोडले तर एकूण रोध वीस न होता पाच का होतो, हे गणिताने सिद्ध करता येते. पुनवेच्या दोन दारांनी ते दिसते. अर्थात ही उपमाही कोठेतरी संपते. जत्रेकरू आपल्या मनाने चालतो, थांबतो, मागे वळतो. आणि गर्दीला पुढे लोटणारा सेल त्या चित्रात सापडत नाही.

तिसरे उपमान मला सर्वांत प्रिय आहे, कारण त्यासाठी वर्गातील मुलेच लागतात. काथ्याच्या लांब दोराची दोन टोके बांधून त्याचे कडे करावे. मुलांनी गोल उभे राहून तो दोर मुठीत सैल धरावा. एका मुलाने तो सतत पुढे सरकवत राहावे, हा सेल. समोरच्या एका मुलीने मूठ थोडी आवळावी, हा दिवा. तिच्या तळहाताला ऊब जाणवते. आता प्रश्न विचारावेत. तिच्या मुठीत शिरतो त्याहून कमी दोर बाहेर पडतो का? नाही. मग ऊब कोठून आली? ओढणाऱ्याच्या श्रमांतून. दोर एकीकडे चालू झाला की दुसरीकडे चालू होण्यास वेळ लागला का? जवळजवळ नाही. दोन मुलींनी मुठी आवळल्या तर काय झाले? ओढणे जड गेले, दोर मंदावला, पण दोघींच्या हातांखालून तो सारख्याच वेगाने गेला. मघाशी दोन दिवे सारखेच मंद का उजळले याचे उत्तर मुलांच्या हातात येते.

दोराच्या या उपमेने आणखी एक कोडे सुटते. कळ दाबताच दिवा लागतो, म्हणजे इलेक्ट्रॉन विलक्षण वेगाने धावत असावेत, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा जात असता इलेक्ट्रॉनांची सरासरी सरकण्याची गती सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर असते. एक मीटर अंतर कापण्यास त्यांना जवळजवळ चार तास लागतील. दिवा तरीही तत्क्षणी लागतो, कारण तारेत इलेक्ट्रॉन सर्वत्र आधीच भरलेले असतात, दोर सर्व मुठींत आधीच असतो तसे. आणि आपल्या घरातील वीज तर एका दिशेने सरकतही नाही. ती सेकंदाला पन्नास आवर्तने करते, म्हणजे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरात मागेपुढे होतात. दोर पुढे-मागे, पुढे-मागे ओढला तरी मुलीचा तळहात तापतोच की!

मागेपुढे होणाऱ्या या धारेला आपल्या तालुक्यात एक सुरेख उपमान आहे. दक्षिणेला शापोरा, उत्तरेला तेरेखोल; दोन्ही नद्यांत भरतीचे पाणी आत चढते आणि ओहोटीला उतरते. तीरावरच्या खाजन शेतीच्या बांधात मानस बसवलेली असते. भरतीचे खारे पाणी आले की त्याच्याच दाबाने मानशीचे दार मिटते. ओहोटीला आतील पाणी रेटा देते आणि दार उघडून बाहेर पडते. येणारे-जाणारे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी ही युक्ती आपल्या पूर्वजांनी शेती राखण्यासाठी वापरली. इलेक्ट्रॉनिक्समध्ये नेमके हेच काम करणाऱ्या भागाला डायोड म्हणतात. मोबाइलच्या चार्जरमध्ये घरातील मागेपुढे होणारी धारा एका दिशेची करण्यासाठी सामान्यतः असे चार डायोड जोडलेले असतात. साम्य आणखी पुढे नेता येते. मानशीचे दार उघडण्यास थोडा तरी रेटा लागतो; सिलिकॉनच्या डायोडलाही धारा सोडण्यापूर्वी सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात. भेदही सांगावा : डायोडमध्ये हलणारे दार नसते, तेथे जे घडते ते दोन प्रकारच्या सिलिकॉनच्या सांध्यावर घडते आणि त्याचे खरे स्पष्टीकरण महाविद्यालयात गेल्यावर मिळते.

हे उदाहरण तुयेत सांगताना मला विशेष समाधान वाटते. येथे औद्योगिक वसाहत आहे आणि केंद्र सरकारच्या २०१२ च्या योजनेखाली इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादनासाठी स्वतंत्र वसाहत उभारण्याचे काम याच गावी हाती घेण्यात आले. अशा कारखान्यांत आपली मुले कोणत्या दाराने शिरणार, हा प्रश्न आज बसलेल्या प्रत्येक पालकाच्या मनात आहे. खोकी उचलण्याचे काम पाठांतरावर मिळेल. मंडलात बिघाड कोठे झाला हे शोधण्याचे काम मनात चित्र असल्यावाचून जमणार नाही. ज्या मुलाने मानशीचे दार पाहिले आहे आणि डायोडशी त्याचे नाते ओळखले आहे, त्याला ते परके वाटणार नाही.

मग वर्गात करावे काय? अलंकारांतील एक अलंकार आपण दोन वाक्यांत उरकतो, त्याचे नाव व्यतिरेक. उपमेय हे उपमानाहून कोठे वेगळे, कोठे सरस, ते सांगणे हे त्याचे काम. वीज शिकवताना प्रत्येक उपमेमागून व्यतिरेक यावा, एवढीच माझी सूचना आहे. फळ्याचे दोन भाग करावेत : एकीकडे 'जुळते', दुसरीकडे 'जुळत नाही'. शिक्षकाने उपमा द्यावी, मुलांनी दोन्ही रकाने भरावेत. शेवटी मुलांनीच आपले एखादे उपमान आणावे आणि वर्गाने ते तपासावे. कोणी कदंब बसची फेरी आणील, कोणी सायकलची साखळी आणील, कोणी कुळागरातील पाट आणील. पाटाचे पाणी परत येत नाही, असे दुसरा कोणी सांगेल, आणि त्याच क्षणी 'परिपथ' हा शब्द त्या वर्गाला खऱ्या अर्थाने कळलेला असेल.

अभ्यासक्रम मोठा, तासिका अपुऱ्या, परीक्षा जवळ, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. परंतु दोन दिव्यांचा प्रयोग आणि दोराचे कडे मिळून एकच तासिका लागते. जे चित्र त्या तासिकेत बसते, ते पुढच्या कित्येक तासिकांतील गणिते हलकी करते.

राहता राहिले ग्रंथालय. शास्त्रीय ज्ञान मराठीत आणण्याच्या परंपरेत आपल्या शेजारच्या भूमीचाही वाटा आहे. देवगडजवळील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४० साली 'दिग्दर्शन' मासिक काढले, ते मुख्यतः भूगोल, इतिहास, विज्ञान यांसारखे विषय मराठीतून सांगण्यासाठी. १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद आणि १९७४ साली मुंबईत सुरू झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र यांनी पुढच्या काळात आपापल्या परीने तेच कार्य केले. गोवा १९६१ साली मुक्त झाला तेव्हा आपल्या खेड्यांत विजेचा दिवा दुर्मीळ होता. समईच्या आणि कंदिलाच्या उजेडात ग्रंथ वाचणारी पिढी या ग्रंथालयाने पाहिली आहे. आज दिवे घरोघरी आहेत. माझी विनंती एवढीच की, येथील कादंबऱ्यांच्या आणि नाटकांच्या कपाटाशेजारी एक कपाट मराठी विज्ञानग्रंथांना द्यावे, त्याच्या तळाशी एका पेटीत दोन सेल, दोन दिवे, थोडी तार आणि काथ्याचा एक दोर ठेवावा, आणि ज्या शिक्षकाला हवी त्याला ती पेटी पुस्तकाप्रमाणेच आठवड्यासाठी नेऊ द्यावी. देणगीदारांना त्यासाठी मोठी तोशीस पडणार नाही.